व्हय-न्हाईची डबी

शालन गेल्याची बातमी मला तिनंच बनवलेल्या दिव्यानं दिली. दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते आणि ओट्यावरच्या भिंतीतला हिरवा दिवा लागला. हिरवा लागला म्हणजे दाराची घंटा वाजली, लाल लागला म्हणजे कुकरची शिट्टी झाली. मला गेली काही वर्षं ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते कानापेक्षा कपाटातच जास्त असतं, कारण त्यातून माणसांपेक्षा पंखा मोठ्यानं बोलतो. मी हात पुसले आणि दार उघडलं. शालन ज्यांच्याकडे भाड्यानं राहायची त्या बाई उभ्या होत्या. पावसानं त्यांचा पदर भिजला होता. त्यांचे ओठ हलले. मला ओठ वाचता येतात. शालन गेली, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं?" मग मला कळलं.

शालन माझी धाकटी नणंद. जेवून खुर्चीत टेकली होती, तशीच गेली. आजार नाही, दवाखाना नाही. तिचं सगळं झालं, माणसं येऊन गेली, प्रत्येकानं ती किती गुणी होती ते सांगितलं. त्यांतल्या निम्म्यांना ती निवृत्तीनंतर घरात बसून काय करायची हे ठाऊकही नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा जसं झालं तसंच लिहीन.

चाकणजवळच्या आमच्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा शालन तिसरीत होती. तिची वेणी मी घालायची. वेणी घालताना तिची मान कधी सरळ राहायची नाही, कारण विहिरीवर मोटार दुरुस्त करणारा आला असेल तर तिला तिकडं बघायचं असायचं. तेव्हा आता जिथं कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांच्या शेड आहेत तिथं आमचा हरभरा असायचा. पुढं शालनचं लग्न झालं, ती नांदायला गेली आणि वर्षाच्या आत पिशवी घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या मालकांना चिंचवडला नोकरी लागली होती. आम्ही निगडीला प्राधिकरणात घर बांधलं, शालनला बरोबर आणलं, आणि ती भोसरीच्या एका कंपनीत लागली. वीज मोजायच्या मीटरमधल्या हिरव्या पट्ट्या असतात, त्यांना त्या बायका कार्ड म्हणायच्या. त्या कार्डांवर सोल्डरिंगच्या गननं, म्हणजे तापल्या टोकानं कथील वितळवून, जोडाचे डाग द्यायचं तिचं काम. तीस वर्षं तिनं डाग दिले. तिचं कार्ड कच्च्या, म्हणजे नीट न धरलेल्या, डागासाठी एकदाही परत आलं नाही. ही एकच गोष्ट ती स्वतःहून सांगायची. बाकी कशाची फुशारकी तिला नव्हती.

त्या कंपनीत एक काचेची खोली होती. तयार कार्डं तिथं तपासायची. आत स्कोप नावाचं यंत्र होतं, त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ लाटेसारखी धावायची. तारेतून वीज कशी जाते ते त्या रेघेत दिसतं म्हणे. त्या खोलीत फक्त पुरुष. बायकांनी काचेतून बघायचं. शालन डबा खायला तिथंच बसायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत सगळ्या मशिनींची पूजा व्हायची. स्कोपला झेंडूचा हार, ड्रिलला हार, लिफ्टला हार. बायकांच्या टेबलांवरच्या गन मात्र बंद करून खोक्यात ठेवायच्या, हातावर पेढा द्यायचा आणि अर्ध्या दिवसानं घरी पाठवायचं. हे तिनं मला कधीतरी भाजी चिरता चिरता सांगितलं होतं. मी म्हणाले, "मग काय, पेढा तरी मिळतो." मी असंच बोलते.

निवृत्त झाल्यावर तिनं पाठीमागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझ्याकडं राहा म्हटलं तर म्हणाली, "वयनी, तुला धूर सोसायचा न्हाई." मला वाटलं चुलीचा. तो निघाला सोल्डरचा. बोटाएवढा एक संगणक मिळतो, हिरव्या पट्टीवर बसवलेला, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. त्याला काय करायचं ते शिकवावं लागतं. ती फोनवर बघून बघून शिकली. पहिल्यांदा तुळशीपाशी दिवा केला, उजेड कमी झाला की आपोआप लागायचा. मग गल्लीतल्या लोकांना पाण्याची टाकी भरली की वाजणारे भोंगे करून दिले. भोंग्यांनी माझं काही बिघडलं नाही, मला ऐकूच येत नव्हतं.

ऐकू येईना म्हणून एकदा कुकर जळला. डाळीचा कोळसा झाला आणि घरभर धूर. माझा मुलगा नितीन वाकडला राहतो, चौदाव्या मजल्यावर. तो म्हणाला, "आई, आता तिकडंच चल." घर चांगलं आहे त्याचं, सूनही चांगली आहे. पण तिथून खाली बघितलं की माणसं दिसतात आणि कोण ते ओळखू येत नाही. मला माझ्या दारात बसायचं होतं. शालन म्हणाली, "थांब जरा," आणि महिनाभरात तिनं ते दोन दिवे केले. तिचं कार्ड स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या उघड्या पेटीत बसवलं आणि दिवे प्रत्येक खोलीत, न्हाणीतसुद्धा. नितीननं दोन-तीनदा बेल वाजवून बघितली आणि वाकडचा विषय सोडला.

ही गेल्या वर्षीची, गणपतीच्या आधीची गोष्ट. त्यानंतर खंडेनवमी आली. मी दरवर्षी विळा, कोयता, विळी आणि मालकांची पान्यांची पेटी पाटावर मांडून पूजा करते. गेल्या वर्षी शालनला सांगितलं, तुझीही हत्यारं आण. ती कापडात गुंडाळून गन घेऊन आली, तारेतली वीज तपासायचा, चिकटपट्टी लावलेला मीटर घेऊन आली. मी पाटावर मांडलं, बोट ओलं करून सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. भिंतीवरच्या कार्डालाही लावलं, तेही राबतच होतं. शालन बाहेर झेंडूची फुलं तोडत होती. आत आली, गनवरचं कुंकू बघितलं आणि बराच वेळ फुलं हातात धरून उभीच राहिली. मी म्हणाले, "ठेव की फुलं." दुसऱ्या दिवशी मी सगळं ओल्या फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारी, हिरवा दिवा लागला. दार उघडलं तर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. कधी एकदा, कधी चार वेळा... दारात कोणी नसायचं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पसरलेलं असायचं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ऊन वेगळं दिसतं, पाण्याच्या तळाशी पडल्यासारखं. फाटक बंद, रस्ता मोकळा, समोरच्या बदामाची पानं आवाज न करता हलायची. मी भुताखेतांतली बाई नाही. पण दिवा लागला की माझे पाय निघायचे, आणि दार उघडल्यावर लगेच लावून घ्यावंसं वाटायचं नाही. मालक होते तेव्हा कामावरून याच वेळी यायचे, पहिली शिफ्ट असली की. मी उंबऱ्यात उभी राहायची. एकदा माझ्या तोंडून "या" असं निघून गेलं.

समोरच्या बाईंनी ते बघितलं आणि नितीनला फोन केला. तुमच्या आई दुपारच्या दार उघडून उभ्या असतात, कोणाशी तरी बोलतात. नितीन त्याच रविवारी आला. माझ्यासमोर बसला आणि तोंड मोठं करून, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सावकाश बोलला. दिवाळी इथं कर, मग आपण वाकडला जाऊ, घराला कुलूप लावू, डॉक्टरांनाही दाखवू. मी म्हणाले, दिवा लागतो म्हणून मी जाते. तो म्हणाला, "आई, मी बसलोय तासभर, लागला का?" नव्हता लागला. शालन कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "दोष दिव्यात हाय नितीन, तुज्या आईत न्हाई."

"मग दाखव ना आत्या. काय दोष आहे?"

"दावते."

"दिवाळीपर्यंत," तो म्हणाला. वाईट नाही तो. घाबरला होता.

दोष कधी यायचा, कधी जायचा. शालननं कार्ड भिंतीवरून उतरवून आपल्या खोलीवर नेलं की ते शहाण्यासारखं वागायचं. माझ्या घरी आणलं की बिघडायचं. तिनं मीटर लावून बघितला. मला म्हणाली, "मीटर बसल्या माणसाचं वजन सांगतो वयनी. पळत्याचं न्हाई." तिला स्कोप पाहिजे होता, त्या काचेच्या खोलीतला. नव्याची किंमत विचारली तर तिची वर्षभराची पेन्शन गेली असती. म्हणून आम्ही दोघी बस बदलून चिखलीकडच्या भंगाराच्या दुकानांत गेलो. बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान तिथं येतं. पंखे, टेबलं, टाइमकार्डाची घड्याळं, सगळं उन्हात मांडून ठेवलेलं. शालन त्या ढिगांमधून चालली ती देवळात चालल्यासारखी, पाय उचलून उचलून. एका शेडमध्ये तिला स्कोप दिसला. दुकानदार नांदेडकडचा होता.

"चालू हाय का?" शालननं विचारलं.

"मावशे, मी वजनावर इकतो. चालू-बंद मला काय ठाऊक."

"लावून दाव."

"लाईट न्हाई शेडात. टीव्ही म्हणून घेताव काय? क्रिकेट दिसंना ह्याच्यावर."

"वयनीला मालिका बघायच्यात," शालन म्हणाली, आणि तो इतका हसला की तराजूचा काटा हलला. त्यानं स्कोप तराजूवर ठेवला. आम्ही तो रिक्षात घालून, दोघींच्या मांडीवर, घरी आणला. रव्याच्या गोणीएवढा जड होता. शालननं वायर लावली, बटण दाबलं. खूप वेळ काही नाही. मग काळ्या काचेच्या मधोमध एक हिरवा ठिपका उगवला, आणि हळूहळू लांबत त्याची रेघ झाली. शालननं श्वास धरला होता, ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं. तिनं काचेवर बोट ठेवलं. तीस वर्षं जी काच मधे होती त्या काचेच्या अलीकडे ती आता बसली होती... जेमतेम पाच मिनिटं. मग रेघ आखडली, ठिपका झाला, ठिपकाही गेला. जळक्याचा वास आला. मी म्हणाले, "गेले पैसे." ती म्हणाली, "बघितली की पण."

दोन दिवस ती आलीच नाही. मला वाटलं, सोडलं तिनं. मी माझी ट्रंक उपसून वाकडला काय न्यायचं ते बघायलाही लागले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती आंघोळ करून, चांगली साडी नेसून. म्हणाली, "मी वेड्यावानी लाट बघाय निघाले व्हते. आपल्याला लाट नगंच हाय. दिवा लागतो नायतर लागत न्हाई. तारंत एकतर व्हय असतं, नायतर न्हाई. कुटली तार कदी व्हय म्हनती, येवढंच धरायचंय." आणि पुण्याला तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानांत, जाऊन आली. काडेपेटीएवढी एक काळी डबी आणली, तिला आठ रंगांच्या आठ तारा. किंमत दोन साध्या साड्यांची. दुकानदार तिला म्हणे मोठं यंत्र दाखवत होता, ही पोरासोरांची वस्तू आहे म्हणाला. शालन त्याला म्हणाली, "मला पोरासोरांचंच द्या." त्या डबीला इंग्रजी नाव आहे, ते मला येत नाही. आम्ही तिला व्हय-न्हाईची डबी म्हणायचो.

नितीनचा जुना लॅपटॉप तिच्याकडं होता, मान मोडलेला. तो लोणच्याच्या बरणीला टेकवून माझ्या ओट्यावर ठेवला. डबीच्या तारा कार्डाच्या पायांना चिमट्यांनी लावल्या. पडद्यावर आठ रेघा आल्या, एकाखाली एक, सरळ, वहीत आखल्यासारख्या. आम्ही बसलो. काही होईना. शालन म्हणाली, "तू रोज ह्या वेळंला काय करतीस?" मी म्हणाले, "भात लावते." "मग लाव की."

मी कुकर न घेता पातेल्यात भात लावला, एकटीचा भात मी तसाच लावायची. पाणी उकळलं, वाफ भिंतीवर चढली. आणि तिसरी रेघ थरथरली. आधी एकदा, मग पुन्हा, मग भराभर, ऐकू येत असतं तर तिचा आवाजही आला असता असं मला वाटलं. दिवा लागला, हिरवा. सवयीनं मी उठायला लागले. शालननं माझा हात धरला. "बस. कोन न्हाई." भात उकळत होता, ती रेघ व्हय म्हणत होती, न्हाई म्हणत होती, पुन्हा व्हय... आणि आम्ही दोघी हात धरून बघत होतो. मला अजून ती दुपार स्वप्नात येते. स्वप्नात मला रेघेचा आवाज ऐकू येतो.

मग शालननं भिंग काढलं, कार्ड उजेडात धरलं आणि त्या तिसऱ्या पायापाशी बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मी विचारलं, "काय हाय?" तिनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण मला कळेल असं नाही. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तिनं ते पुसलं, कापूस मुठीत ठेवला. भात शिजला, दिवा पुन्हा लागला नाही.

वसुबारसेला नितीन आला. शालननं त्याला लॅपटॉपवर साठवलेल्या त्या दिवशीच्या रेघा दाखवल्या आणि मग त्याच्यासमोर मला भात लावायला लावला. रेघ हलली नाही. त्यानं पडदा दोनदा बघितला. मग माझ्याकडं बघितलं, आणि ह्या वेळी नेहमीसारखं, साधं तोंड करून म्हणाला, "आई, सॉरी." शालनला म्हणाला, "काय झालं होतं आत्या?"

ती म्हणाली, "माजा डाग कच्चा ऱ्हायला व्हता."

मी लगेच म्हणाले, "काय गं, तीस वर्सं कंपनीला पक्कं दिलंस आनि कच्चं मला?" सगळे हसले. ती पण हसली. पुढं ती होती तोवर मी तिला सोडलं नाही. दिवा जरा मिणमिणला की, बघ गं तुझा कच्चा डाग. पाहुण्यांसमोर सुद्धा. ती म्हणायची, "व्हय बाई, म्हातारपन." दिवाळीनंतर तिनं कार्डाच्या पेटीला झाकण केलं, आणि झाकणावर स्टीलची एक गोल चकती चिकटवली, छोट्या डबीचं टोपण होतं ते. मी विचारलं हे कशाला. म्हणाली, "कुंकू लावाय बरं." मी चांगलं म्हणाले आणि विषय संपला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

ती गेल्यावर तिच्या खोल्या रिकाम्या करायला मी गेले. भांडी, गोधड्या वाटून टाकल्या. तिच्या सामानाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी घरी आणला. त्यात गन होती, मीटर होता, व्हय-न्हाईची डबी तारा गुंडाळून ठेवलेली होती, आणि एक वही. कंपनीत परत आलेल्या कार्डाला चिठ्ठी बांधायचे, तिच्यावर दोष, कारण, उपाय लिहायचे. तशीच तिनं आपली वही ठेवली होती. गल्लीतले सगळे भोंगे, सगळे दिवे त्यात होते. माझं पान सापडलं. अक्षर मोठं, कंपनीतल्यासारखं.

दोष: दाराचा दिवा उगाच लागतो.
कारण: हळद-कुंकू. दोन पायांच्या मधे. वाफ लागली की ओलं होतं आणि वीज झिरपते.
उपाय: स्पिरिटनं पुसलं. झाकण करणे.

खाली एक रेघ मारली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं: वयनीला सांगायचं न्हाई. सांगितलं तर पुढच्या वर्षी पूजा करायची न्हाई. माज्या गनला कुंकू लावनारं दुसरं कोन हाय.

मी वही मिटली. त्या दिवशीची भांडी पडली होती, ती घासली. तीस वर्षांत एकही डाग कच्चा न देणाऱ्या बाईनं माझ्या एका बोटासाठी तो आपल्या नावावर घेतला, आणि मी शेवटपर्यंत तिला त्यावरूनच टोचत होते. माफी मागायला माणूस लागतं. ते नाही.

यंदा खंडेनवमी आली तेव्हा सगळे म्हणाले, घरात वर्ष आहे, सण करू नये. मी सण केला नाही. गोड केलं नाही, तोरण बांधलं नाही. पण हत्यारांना सुतक कसलं? पाट मांडला. विळा-कोयता यंदा बाजूला ठेवला. गन, चिकटपट्टीचा मीटर, भिंग आणि ती काळी डबी मांडली. गनच्या मुठीला कुंकू लावलं. काळ्या डबीला फक्त फूल ठेवलं. मग भिंतीपाशी गेले आणि झाकणावरच्या त्या स्टीलच्या चकतीला, कोरड्या बोटानं, मधोमध, हळद लावली आणि कुंकू लावलं. चकतीच्या बाहेर कणही जाऊ दिला नाही.

मग भात लावला, पातेल्यात, तसाच. वाफ भिंतीवर चढली, झाकणावर तिचे थेंब झाले. मी ओट्याशी बसून हिरव्या दिव्याकडं बघत होते. बाहेर तेच ऊन होतं. भात शिजला. दिवा लागला नाही.

तरी मी उठले आणि दार उघडून बघितलं.